सीएच्या टेबलावर पीएमएलए : हिशेब कुठे संपतो, व्यवहार कुठे सुरू होतो

शनिवारची संध्याकाळ. नाशिकमधलं एका सीएचं ऑफिस. आर्टिकल्स घरी गेलेत, चहाचे कप अजून टेबलावरच आहेत. दहा वर्षं इथंच रिटर्न भरणारे एक व्यापारी आत येतात, खुर्ची ओढून बसतात आणि म्हणतात, "साहेब, एक छोटं काम होतं. भाच्याच्या ओळखीतली दोन पोरं आहेत. सिन्नरकडे एनए प्लॉट घेताहेत. पंचेचाळीस लाख तुमच्या खात्यात येतील. खरेदीखताच्या दिवशी तुम्ही समोरच्या पार्टीला देऊन टाका. पोरं बाहेरगावी असतात, म्हणून मुखत्यारपत्रही तुमच्याच नावानं करू. फी काय असेल ती सांगा."

प्रसंग कल्पित आहे, मागणी मात्र बहुतेक सीएंच्या ओळखीची. पूर्वी अशा कामाला ओळखीखातर हो म्हटलं जायचं. ३ मे २०२३ पासून तसं करता येत नाही. त्या दिवशी केंद्र सरकारच्या अर्थ मंत्रालयानं काढलेल्या अधिसूचनेमुळे हे काम स्वीकारणारा सीए मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे पीएमएलएखाली, बँकेच्या रांगेत जाऊन बसतो. बँकेसारखीच ओळख पटवायची, बँकेसारख्याच नोंदी ठेवायच्या, आणि संशय आला तर बँकेसारखंच सरकारला कळवायचं. यातली कोणती कर्तव्यं कधी लागू होतात आणि कधी होत नाहीत, ते या शनिवारच्या पाहुण्यांना समोर ठेवूनच पाहू.

कायदा नेमका कशाबद्दल आहे

पीएमएलए २००२ चा. अंमल सुरू झाला १ जुलै २००५ पासून. त्याचा गाभा कलम ३ मध्ये आहे. गुन्ह्यातून आलेली मालमत्ता लपवणं, जवळ बाळगणं, वापरणं किंवा ती स्वच्छ असल्याचं भासवणं, आणि यातल्या कशालाही जाणूनबुजून मदत करणं, हा गुन्हा. शिक्षा ३ ते ७ वर्षं सक्तमजुरी आणि दंड. मूळ गुन्हा अमली पदार्थांचा असेल तर १० वर्षांपर्यंत.

इथं एक गैरसमज फार पसरलेला आहे. दोन नंबरचा प्रत्येक पैसा म्हणजे मनी लाँडरिंग नव्हे. आधी कायद्याच्या परिशिष्टात दिलेला एखादा गुन्हा घडलेला असावा लागतो, उदाहरणार्थ फसवणूक, लाचखोरी, बनावट दस्तऐवज किंवा अमली पदार्थांचा व्यापार. देशातलं उत्पन्न लपवून आयकर चुकवणं हा एरवी गुन्हा असला, तरी तेवढ्यानं तो या परिशिष्टात येत नाही. परदेशातल्या अघोषित मालमत्तेवरचा कर जाणूनबुजून चुकवणं मात्र २०१५ च्या काळा पैसा कायद्यानंतर परिशिष्टात आलं आहे.

दुसरा घोळ यंत्रणांचा. तपास, जप्ती आणि अटक हे ईडीचं, म्हणजे सक्तवसुली संचालनालयाचं काम. माहिती गोळा करण्याचं काम फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटचं. हे एफआययू नोव्हेंबर २००४ मध्ये स्थापन झालं. सीएनं संशयास्पद व्यवहाराचा अहवाल पाठवायचा तो एफआययूच्या संचालकांकडे. म्हणजे अहवाल पाठवणं ही पोलिसांतली फिर्याद नव्हे. पुढे त्याचं काय करायचं, कोणत्या तपास यंत्रणेला द्यायचं, हे एफआययू ठरवतं.

सीए या कायद्यात कसे आले

काळा पैसा एकटा फिरत नाही. त्याला कंपनी लागते, ट्रस्ट लागतो, जमीन लागते, खातं लागतं. आणि या प्रत्येक ठिकाणी कागद करून देणारा जाणकार लागतो. म्हणून फायनान्शियल अ‍ॅक्शन टास्क फोर्स, म्हणजे १९८९ मध्ये जी-७ देशांच्या पॅरिस परिषदेतून जन्मलेली एफएटीएफ, वकील आणि लेखापालांना दारावरचे राखणदार मानते. २००३ मध्ये तिनं आपल्या शिफारशी सुधारल्या, तेव्हा या व्यावसायिकांनाही ओळख पटवण्याचं आणि कळवण्याचं बंधन घालावं असं सदस्य देशांना सांगितलं.

भारत २०१० मध्ये एफएटीएफचा सदस्य झाला. लेखापालांबाबतची अधिसूचना मात्र निघाली मे २०२३ मध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरात एफएटीएफचं पथक मूल्यमापनासाठी भारतात येणार होतं, हे लक्षात घेतलं की त्या वर्षातली घाई समजते. मूल्यमापनाचा अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि भारताला 'नियमित पाठपुरावा' या वरच्या गटात स्थान मिळालं.

अधिसूचनेत तीन व्यवसाय आहेत : प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र असलेले सीए, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट. एकट्यानं काम करा किंवा फर्ममधून, फरक पडत नाही. नोकरीत असलेला, प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र नसलेला सीए या अधिसूचनेत येत नाही. वकिलांचाही तिच्यात समावेश नाही. त्यामुळे मुखत्यारपत्राचं तेच काम शेजारच्या वकिलाकडे गेलं तर या अधिसूचनेचं बंधन लागत नाही, ही सीएंची तक्रार अगदीच बिनबुडाची नाही.

पाच कामं

अधिसूचनेनं सीएचा सगळा व्यवसाय कवेत घेतलेला नाही. पुढच्या पाच कामांपैकी एखादं काम पक्षकाराच्या वतीनं, आपल्या व्यवसायाचा भाग म्हणून केलं, तरच कर्तव्यं लागू होतात.

१. स्थावर मालमत्तेची खरेदी-विक्री.
२. पक्षकाराचा पैसा, रोखे किंवा इतर मालमत्ता सांभाळणं.
३. त्याची बँक, बचत किंवा रोख्यांची खाती चालवणं.
४. कंपनी उभारण्यासाठी किंवा चालवण्यासाठी भांडवल जमवून देणं.
५. कंपनी, एलएलपी किंवा ट्रस्ट स्थापन करणं, चालवणं, त्यांचं व्यवस्थापन पाहणं. तसंच धंद्यांची खरेदी-विक्री.

कळीचे शब्द आहेत 'पक्षकाराच्या वतीनं'. दुसऱ्यानं केलेल्या व्यवहाराचा हिशेब तुम्ही लिहिलात, तपासलात, त्यावर मत दिलंत, तर तुम्ही हिशेबनीस. तोच व्यवहार त्याच्याऐवजी तुमच्या हातानं झाला, तुमच्या खात्यातून पैसे गेले किंवा तुमच्या सहीनं जमीन हलली, तर तुम्ही व्यवहारातले एक पात्र. सगळा कायदा या एका रेघेभोवती फिरतो.

शनिवारच्या पाहुण्यांनी एका दमात यातली दोन कामं मागितली. मुखत्यार म्हणून प्लॉट घेणं हे पहिलं, आणि पंचेचाळीस लाख सांभाळणं हे दुसरं. दुसऱ्यासाठी एक जुना नियमही आहे. पक्षकाराचा पैसा वेगळ्या बँक खात्यात न ठेवणं हे सीए कायदा, १९४९ च्या दुसऱ्या परिशिष्टानुसार व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. 'तुमच्या खात्यात टाकतो' हे वाक्य पीएमएलए नव्हता तेव्हाही धोक्याचं होतं.

रेघेच्या अलीकडे काय राहतं

लेखापरीक्षण, आयकराचं आणि जीएसटीचं रिटर्न, हिशेब लिहून देणं, कर्जासाठी नेटवर्थचं प्रमाणपत्र, आयकर अधिकाऱ्यासमोर हजर राहणं, करविषयक सल्ला. सर्वसाधारण ऑफिसच्या कामाचा मोठा भाग हाच असतो, आणि तो पाच कामांत बसत नाही. या कामांसाठी पीएमएलएखाली अहवाल पाठवण्याचं बंधन नाही.

कंपनी स्थापनेचं काम या रेघेच्या अगदी काठावर आहे. ९ मे २०२३ ला दुसरी एक अधिसूचना आली. कंपन्या, एलएलपी स्थापन करून देणारे, संचालक किंवा भागीदार म्हणून बसणारे किंवा तसा माणूस पुरवणारे, नोंदणीकृत कार्यालयासाठी पत्ता देणारे, दुसऱ्यासाठी शेअर आपल्या नावावर धरणारे, अशा सगळ्यांना तिनं कायद्यात आणलं. मात्र कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ७ नुसार स्थापनेच्या वेळी व्यावसायिकानं जी घोषणा सादर करायची असते, तेवढ्यापुरतं सीएचं काम तिनं वगळलं. घोषणेवर सही केली इथपर्यंत एक गोष्ट. कंपनीच्या पाटीसाठी आपल्याच ऑफिसचा पत्ता दिला आणि आर्टिकलच्या काकांना संचालक म्हणून बसवलं, तर ती वेगळी गोष्ट झाली. २०१७ मध्ये कंपनी कार्य मंत्रालयानं दोन लाखांहून अधिक निष्क्रिय कंपन्यांची नावं नोंदवहीतून काढली. नुसत्या कागदावर कंपनी उभी करणं किती सोपं होतं, ते त्यावरून कळावं.

रेघेच्या अलीकडे राहिलं म्हणजे हात झटकले असंही नाही. कलम ३ प्रत्येकाला लागू आहे, त्यामुळे पैसा गुन्ह्यातला आहे हे माहीत असूनही कागद रंगवून देणारा सीए तिथं सापडतो. शिवाय लेखापरीक्षकाचं वेगळं कर्तव्य आहे. कंपनीचे अधिकारी किंवा कर्मचारी कंपनीची १ कोटी रुपये वा त्याहून मोठी फसवणूक करताहेत असं मानायला कारण मिळालं, तर आधी संचालक मंडळाला किंवा लेखापरीक्षण समितीला आणि नंतर एडीटी-४ या नमुन्यात केंद्र सरकारला कळवावं लागतं. ही कंपनी कायद्याच्या कलम १४३(१२) ची वाट आहे, पीएमएलएची नव्हे. दोन्ही वाटा एकमेकींत मिसळू नयेत.

पहिलं कर्तव्य : माणूस ओळखणं

पाच कामांपैकी एखादं हाती घ्यायचं ठरलं, की काम सुरू करण्याआधी पक्षकाराची ओळख पटवायची. पॅन, आणि पासपोर्ट, आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना यांसारखं अधिकृत कागदपत्र. ज्याच्याशी कायमचा व्यावसायिक संबंध नाही, त्याच्या ५० हजार किंवा त्याहून मोठ्या व्यवहारालाही हेच लागू होतं. संयुक्त राष्ट्रांच्या आणि दहशतवादविरोधी कायद्याखालच्या निर्बंध याद्यांत नाव नाही ना, हेही पाहायचं.

खरं डोकं लागतं ते पुढच्या प्रश्नाला : या नावामागे माणूस कोण? पंचेचाळीस लाख एका एलएलपीच्या खात्यातून येणार आहेत, असं पाहुण्यांनी बोलता बोलता सांगितलं. एलएलपी चार महिन्यांपूर्वीची. भागीदार तीच दोन पोरं, दोघंही एकाच दुकानात महिना अठरा हजारांवर कामाला. कागद सगळे खरे आहेत. पॅन खरा, आधार खरं, एलएलपीचं प्रमाणपत्र खरं. पण अठरा हजार पगार आणि पंचेचाळीस लाखांचा प्लॉट यांचा मेळ कागदांनी बसत नाही. इथं कायदा विचारतो, अंतिम लाभार्थी कोण?

कंपनी किंवा भागीदारीत १० टक्क्यांहून अधिक, आणि ट्रस्टमध्ये १० टक्के किंवा त्याहून अधिक वाटा ज्याच्याकडे आहे, तो अंतिम लाभार्थी. कंपनीसाठी ही मर्यादा आधी २५ टक्के होती, ती २०२३ मध्ये खाली आली. नियंत्रण ज्याच्या हातात आहे, तोही लाभार्थीच. वाटा थेट असायला हवा असं नाही. समजा, एका कंपनीचे ४० टक्के शेअर दुसऱ्या कंपनीकडे आहेत आणि त्या दुसरीत एका माणसाचे ३० टक्के आहेत. ४० चे ३० टक्के म्हणजे १२. पहिल्या कंपनीच्या भागधारक यादीत या माणसाचं नाव कुठंच नाही, तरी तो लाभार्थी ठरतो आणि त्याचीही ओळख पटवावी लागते. यादी वाचून थांबायचं नाही, यादीतल्या कंपनीची यादी मागायची.

राजकीय व्यक्तींबद्दलचा नियमही नीट वाचावा. 'राजकीयदृष्ट्या उघड व्यक्ती' ही नियमांतली संज्ञा परदेशातलं महत्त्वाचं सार्वजनिक पद सांभाळणाऱ्यांसाठी आहे. आपल्या गावचे नगरसेवक त्या व्याख्येत बसत नाहीत. पण म्हणून त्यांच्या पैशाचा उगम विचारायची बंदी आहे, असंही नाही.

दुसरं कर्तव्य : लिहून ठेवणं

व्यवहाराची नोंद व्यवहाराच्या तारखेपासून ५ वर्षं, आणि ओळखीची कागदपत्रं संबंध संपल्यापासून ५ वर्षं जपायची. नोंद अशी हवी की, उद्या दुसऱ्या कुणी फाइल उघडली तर व्यवहार पहिल्यापासून शेवटपर्यंत उभा राहावा : रक्कम किती, कोणत्या दिवशी, कोणाकडून कोणाकडे, कशासाठी.

त्याखेरीज दोन पदं नेमायची असतात. प्रिन्सिपल ऑफिसर, जो एफआययूला माहिती पाठवतो. आणि डेझिग्नेटेड डायरेक्टर, ज्याच्यावर पालनाची एकंदर जबाबदारी. दोघांची नावं-पत्ते एफआययूच्या संचालकांना कळवायचे. भागीदारी फर्ममध्ये डेझिग्नेटेड डायरेक्टर म्हणजे व्यवस्थापकीय भागीदार, एकट्याच्या प्रॅक्टिसमध्ये स्वतः मालक. पदांची नावं भारदस्त आहेत. गल्लीतल्या एकट्या सीएच्या ऑफिसात मात्र सगळ्या पाट्या एकाच खुर्चीवर लागतात.

तिसरं कर्तव्य : कळवणं

दोन अहवाल महत्त्वाचे. पहिला रोखीचा. १० लाखांहून अधिक रोख व्यवहार, किंवा एकाच महिन्यात तुकड्या-तुकड्यांनी केलेले, एकमेकांशी जोडलेले आणि बेरीज १० लाखांपुढे जाणारे व्यवहार, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत कळवायचे. इथं संशयाचा प्रश्न नाही, रक्कम ओलांडली की अहवाल.

दुसरा संशयास्पद व्यवहाराचा अहवाल, बोलीभाषेत एसटीआर. याला रकमेची खालची मर्यादा नाही आणि रोखीचीही अट नाही. पैसा परिशिष्टातल्या गुन्ह्यातून आला असावा असं प्रामाणिकपणे वाटावं, व्यवहार विनाकारण गुंतागुंतीचा दिसावा, त्यात आर्थिक तर्क किंवा सरळ हेतू दिसू नये, किंवा दहशतवादाला पैसा जात असल्याचा वास यावा, यांपैकी एकही पुरे. सीएनं गुन्हा सिद्ध करायचा नाही, कोणता गुन्हा तेही शोधायचं नाही. एखादा जाणता माणूस हे पाहून थबकला असता का, एवढंच विचारायचं. उत्तर हो असेल तर अहवाल विनाविलंब पाठवायचा.

एलएलपीकडे स्वतःचं बँक खातं आहे. तिथूनच विकणाऱ्याला थेट पैसे देता येतात. मग मध्ये सीएचं खातं कशाला? या साध्या प्रश्नाला पाहुण्यांकडे सरळ उत्तर नसेल, तर 'आर्थिक तर्क दिसत नाही' हे शब्द आपोआप लागू पडतात.

आणि व्याख्येतला एक शब्द सगळ्यांच्या नजरेतून निसटतो. व्यवहार झालेलाच हवा असं नाही, व्यवहाराचा प्रयत्नही संशयास्पद ठरतो. 'मी नाही म्हणालो, विषय संपला' असं समजणाऱ्यानं तो शब्द पुन्हा वाचावा.

चौथं कर्तव्य : तोंड बंद ठेवणं

आपल्याकडे सीए आणि पक्षकाराचं नातं घरच्यासारखं. मुलीच्या लग्नाचं पहिलं आमंत्रण सीएंना. त्यामुळे चारांतलं हे सर्वांत जड कर्तव्य. अहवाल पाठवला, किंवा पाठवणार आहोत, याची कुणकुणही पक्षकाराला लागू द्यायची नाही. जास्त प्रश्न विचारले तर तो सावध होईल असं वाटलं, तर ओळख पटवण्याची प्रक्रिया तिथंच थांबवून थेट एसटीआर पाठवावा, असंच नियम सांगतात.

मग पक्षकाराच्या गोपनीयतेचं काय? पक्षकाराची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करणं हे सीए कायद्याखाली गैरवर्तन आहेच. पण त्याच कलमात 'कायद्यानं आवश्यक असेल ते सोडून' असा अपवाद आहे. पीएमएलएचं कलम १४ दुसऱ्या बाजूनं कवच देतं : कायद्यानुसार माहिती दिली म्हणून सीएवर किंवा त्याच्या कर्मचाऱ्यांवर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. हे कवच एफआययूला दिलेल्या माहितीपुरतं आहे. क्लबात मित्राला सांगितलं, तर ते गळून पडतं.

चुकलं तर

कलम १३ खाली एफआययूचे संचालक लेखी ताकीद देऊ शकतात, काय करायचं त्याचे निर्देश देऊ शकतात, किंवा प्रत्येक चुकीमागे १० हजारांपासून १ लाखापर्यंत दंड लावू शकतात. 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा. वीस व्यवहारांत ओळख पटवली नाही, तर हिशेब विसांनी गुणायचा. नोंदी फारच गुंतागुंतीच्या वाटल्या, तर सरकारच्या पॅनेलवरच्या लेखापालाकडून त्या तपासून घेण्याचा आदेशही देता येतो. म्हणजे इतरांची पुस्तकं तपासण्यात हयात घालवलेल्या सीएची पुस्तकं दुसरा सीए येऊन तपासणार.

तुरुंगाची वेळ येते ती कलम ३ मध्ये. सगळं माहीत असूनही मदत केली, असा आरोप झाला तर. अशा वेळी काम घेताना कोणते प्रश्न विचारले आणि काय उत्तरं मिळाली, याचा त्या दिवशीच लिहिलेला कागद सर्वांत उपयोगी पडतो. नंतर आठवून लिहिलेल्याला तशी किंमत उरत नाही.

लहान ऑफिसनं काय करावं

मोठ्या फर्मकडे यासाठी स्वतंत्र विभाग असतो, लहान ऑफिसकडे एक वही असते. वहीही पुरेल, पण चार सवयी लावाव्या लागतील. काम स्वीकारताना ते पाच कामांपैकी आहे का, हे नेमणूक पत्रातच लिहावं. पाच कामांसाठी वेगळी नोंदवही ठेवावी. पक्षकाराचा पैसा आपल्या खात्यातून फिरवायचाच नाही, असा सरळ नियम करावा, कारण त्या एका नियमानं निम्मी डोकेदुखी जाते. आणि आर्टिकल्सना हे शिकवावं. केवायसीचे कागद बहुतेक वेळा त्यांच्याच हातून फाइलला लागतात, आणि पगार व भांडवल यांच्यातली विसंगती पहिल्यांदा त्यांनाच दिसते.

शनिवारी पुढे काय झालं

आपल्या सीएनं विचारलं, "पैसे एलएलपीच्या खात्यातून थेट का नाही देत?" पाहुणे थोडे हसले, "तुम्ही तर परक्यासारखं बोलायला लागलात." मग चहा संपवला, म्हणाले, "बघतो दुसरीकडे," आणि गेले.

सीएनं लगेच दिवे बंद केले नाहीत. एक कोरा कागद घेतला. तारीख, वेळ, कोण आलं, काय मागितलं, किती रक्कम, कोणत्या एलएलपीतून, काय विचारलं, काय उत्तर मिळालं, सगळं लिहिलं. सोमवारी तो कागद पुन्हा वाचला. थबकायला झालं ते शनिवारइतकंच, म्हणून अहवाल गेला.

जुलैत व्यापारी आपलं रिटर्न घेऊन आले. सीएनं नेहमीप्रमाणे भरून दिलं. निघताना त्यांनी सहज विचारलं, "त्या दिवशी एवढं काय अवघड होतं हो?" सीए म्हणाले, "पक्षकाराचे पैसे मी माझ्या खात्यात घेत नाही." उत्तर खरं होतं, आणि कायद्यानं त्यापुढे एक शब्दही बोलायची मुभा नव्हती.